हॅम्लेटचं 'बी' आणि तटावरचं भूत

प्रश्न : शेक्सपिअर, स्पेन्सर वगैरेंच्या नाटक-काव्यांतल्या 'बीइंग' या कल्पनेवर एम.ए.साठी काम करते आहे. मराठीत 'अस्तित्व' लिहू, 'सत्ता' की 'असणं'?

'अस्तित्व' लिहा, पण हात जोडून सांगतो, त्याला 'वादी' चिकटवू नका. हॅम्लेटचं नाव निघालं की पुढच्याच वाक्यात 'अस्तित्ववादी' हजर! अहो, ते सार्त्रच्या पॅरिसमधलं, विसाव्या शतकातलं. हॅम्लेटची पहिली छापील प्रत १६०३ची. 'ऑन्टॉलॉजी' (म्हणजे असण्याचं तत्त्वज्ञान) हे नाव सापडतं तेच मुळी तत्त्वज्ञ लोरहार्डच्या १६०६ सालच्या लॅटिन ग्रंथात.

'सत्ता' पंडितांना प्रिय. व्युत्पत्ती चोख, सत् + ता. पण मराठी माणसाला सत्ता म्हणजे खुर्ची. (ती हॅम्लेटच्या काकाने बळकावलीच आहे म्हणा.)

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीचं हे क्रियापद म्हणजे तीन धातूंची गोधडी. 'इज' हा आपल्या 'अस्ति'चा भाऊ. 'वॉज' हा वस् धातूचा, म्हणजे वसणं-वस्तीवाला. आणि 'बी' हा थेट भू! भवति, प्राकृतात होइ, मराठीत होणं. तेव्हा 'टू बी, ऑर नॉट टू बी' या ओळीत धातूला धातू लावला तर हॅम्लेट म्हणतो, 'व्हावं की न व्हावं'. शिरवाडकरांचं 'जगावं की मरावं' ('नटसम्राट', १९७०) रंगभूमीवर बिनतोड आहे, पण तोच मूळ ओळीचा अर्थ म्हणून शिकवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. जगणं-मरणं पुढच्या ओळींत येतंच की! सुरुवातीला आहे ते नुसतं क्रियापद, कर्ता नसलेलं. ओफीलिया दिसेपर्यंत त्या अख्ख्या स्वगतात 'मी' एकदाही येत नाही.

आता भू-चं भूतकालवाचक रूप काय? भूत! जे झालं, होऊन गेलं ते. पसायदानातल्या 'भूतां परस्परे'मधली भूतं म्हणजे प्राणिमात्र, इंग्रजीत चक्क 'बीइंग्ज'. आणि हॅम्लेटच्या एल्सिनोर किल्ल्याच्या तटावर मध्यरात्री चिलखत घालून फिरतं तेही भूतच. ते हॅम्लेटच्या बापाचं. बाप होऊन गेलाय, तरी आहे. मुलाला 'व्हावं की न व्हावं' हा प्रश्न पडेल नाही तर काय! माझ्या मते सगळं नाटक या एका धातूत मावतं. शेक्सपिअरला संस्कृत कुठे येत होतं, असं एक प्राध्यापक मला खवचटपणे म्हणाले. नव्हतंच येत. (त्या 'नव्हतं'तही भू आहे : न + होतं.) शब्दांचं गोत्र लेखकाला विचारून ठरत नसतं.

स्पेन्सरच्या १६०९ साली छापलेल्या परिवर्तनावरच्या सर्गांत निसर्गदेवी निवाडा देते : वस्तू बदलतात, पण त्या बदलातूनच त्यांचं 'बीइंग' विस्तारतं. तिथे 'अस्तित्व' लिहून बघा, दगडासारखं बसतं. 'होणं' लिहा, ओळ चालू लागते.

'असणं'बद्दल विचारलं होतंत, ते राहिलंच. खुशाल वापरा. मार्गदर्शकांना फार घरगुती वाटलं, तर 'अस्तित्व' आहेच.