काळी गाडी, उन्हातली जाळी आणि ग्लेझचा मेकअप: वाचकांचे प्रश्न

पाऊस संपत आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात, बॉनेटचा क्लोजअप, वर ऊन पडलेलं आणि खाली "हे काय झालंय?" यावेळी पॉलिश आणि ग्लेझवरचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळे तेवढेच घेतो.

कासारवडवलीहून एक वाचक: काळी सेडान आहे, सहा वर्षं झाली. सावलीत मस्त दिसते, पण उन्हात सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. दुकानदार म्हणतो ग्लेझ घ्या, मित्र म्हणतो फिनिशिंग पॉलिश घे. नक्की काय घेऊ?

मित्राचं ऐका. दुकानदारही खोटं बोलत नाहीये, पण तो तुम्हाला अर्धंच सांगतोय.

आधी एक गंमत सांगतो, ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे असतात, पण उजेडाभोवती जे आडवे पडलेत तेवढेच चमकतात म्हणून डोळ्याला गोल जाळं दिसतं. मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर फिरवून बघा, टॉर्च जाईल तिथे जाळं मागोमाग येतं. हे ओरखडे असतात क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, आणि तो थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ थरावर आपण हे सगळे उद्योग करतोय हे डोक्यात ठेवा.

फिनिशिंग पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारे कण असतात. ओरखड्याच्या कडा घासून ते पृष्ठभाग सपाट करतं, म्हणजे ओरखडा खरोखर जातो. ग्लेझमध्ये घासणारं जवळजवळ काहीच नसतं, तेलं असतात आणि बारीक भरणी असते, ती ओरखड्यात जाऊन बसते आणि तो दिसेनासा होतो. मेकअपच तो, मेकअप वाईट नाही पण तोंड धुतल्यावर काय होतं ते माहिती असावं.

तर करायचं असं. गाडी नीट धुवा, क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा, कारण घोडबंदर रोडची सिमेंटची धूळ आणि ब्रेकचे लोखंडी कण रंगात रुतून बसलेले असतात, ते न काढता पॉलिश मारलं तर तुम्ही तेच कण गाडीभर फिरवताय. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट टेप लावून चौकोन करा आणि तिथे सगळ्यात सौम्य पॉलिश आधी वापरून बघा, मऊ फोम पॅडवर, डीए मशीनने, म्हणजे पॅड फिरवता फिरवता डोलवणाऱ्या सौम्य मशीनने. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात, जास्त ओतलं की पॅड तेलकट होतं आणि काम होत नाही. ऊन नको, पॅनल गार हवं. बेसमेंटचं पार्किंग असेल तर उत्तम. चार-सहा फेऱ्या झाल्या की पुसा आणि टॉर्च मारा. जाळं गेलं? झालं, पूर्ण गाडी त्यावरच करा. नाही गेलं तरच एक पायरी वर, मध्यम पॉलिश, आणि त्यानंतर परत हेच बारीक. बरेच लोक उलट करतात, सरळ कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, घेऊन येतात, आपल्याकडे "रबिंग मारून देतो" म्हणतात ना तेच, आणि काळ्या गाडीवर नंतर जे धुरकट होलोग्राम, म्हणजे उजेडात हलणारे मशीनचे पट्टे, उठतात ते काढायला माझ्याकडे येतात.

ब्रँड विचाराल तर, मेग्वायर्सचं एम २०५ आणि मेन्झर्नाचं ३८०० ही दोन्ही याच कामाची. एम २०५ चे कण घासताना तुटून बारीक होत जाणाऱ्यातले नाहीत, त्यामुळे थांबायचं कधी ते तुम्ही ठरवता. ३८०० सारख्यात कण हळूहळू तुटत जातात, तिथे घाई करून मध्येच पुसलं तर फिनिश अर्धवट राहतं. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी एम २०५ देईन.

ऐरोली: दिवाळीआधी एका ठिकाणी "फुल पॉलिश" करून घेतलं, गाडी शोरूममधून काढल्यासारखी झाली. दोन-तीन वॉशमध्ये सगळे ओरखडे परत. फसवलं का मला?

बहुतेक ग्लेझ लावून दिलंय. फसवणूक आहे की नाही ते तुम्हाला काय सांगून पैसे घेतले त्यावर आहे. पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी एक करा, मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते पाण्यात पातळ करून न्या आणि बॉनेटच्या एका जागी मायक्रोफायबरने हलकं पुसा, मग टॉर्च मारा. भरणी असेल तर तिथेच ओरखडे हजर होतील. खरं पॉलिश असेल तर काही फरक पडणार नाही. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ग्लेझ स्वतः काही संरक्षण देत नाही, त्यावर वॅक्स लागतंच, आणि वॅक्स असेल तरच ते थोडं टिकतं. बॉडीशॉपवाले ते वापरायचे ते मुळात वेगळ्या कारणाने, नवीन रंगाला वाफ सोडायला वेळ लागतो, त्यावर लगेच वॅक्स लावता येत नाही, तेवढ्यापुरती चमक म्हणून. लग्नाला गाडी न्यायचीये, विकायला फोटो काढायचेत, रंग इतका पातळ झालाय की अजून घासणं धोक्याचं आहे, अशा वेळी मीही ग्लेझच लावतो.

उलवे: पुढच्या महिन्यात सिरॅमिक कोटिंग करणार आहे. त्याआधी ग्लेझ मारून घेऊ का, म्हणजे चमक लॉक होईल?

अजिबात नको. कोटिंगला थेट क्लिअर कोट लागतो, तेलाच्या थरावर ते धरत नाही. फिनिशिंग पॉलिश करा, अल्कोहोलने पुसून तेल काढा, मग कोटिंग.

खारघर: सोसायटीत टँकरच्या पाण्याने गाडी धुतात, पांढरे ठिपके पडलेत, पॉलिशने जातील?

आधी पॉलिश नको. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करा, गार पॅनलवर ओला कपडा मिनिटभर ठेवा, नीट धुवा. क्षार वरवर बसले असतील तर यातच जातात. धुतल्यावरही बोटाला खड्डा जाणवला किंवा ठिपक्याची रिंग दिसली तर क्षार रंगात शिरलेत, मग फिनिशिंग पॉलिश, आणि तेही बारीकच. खड्डा खोल असेल तर थोडा राहू द्या, पूर्ण काढायच्या नादात क्लिअर कोट जायचा.

नेरूळ: वर्षातून किती वेळा पॉलिश करावं? आमच्याकडे रोज सकाळी मुलगा येऊन गाडी पुसून जातो, तरी स्वर्ल, म्हणजे ते जाळ्यासारखे ओरखडे, येतातच.

"तरी" नाही हो, "म्हणूनच"!

एकदा सकाळी सहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे राहून बघा. एक बादली, एक फडका, वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ दुसरीच्या दारावर, दुसरीची तिसरीवर, आणि पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहासारखं झालेलं असतं. मी एकदा तो फडका हातात घेऊन पिळला, खाली राहिलेली वाळू नखाने उचलता येत होती. त्या पोराची चूक नाही, त्याला महिन्याला गाडीमागे जे मिळतं त्यात त्याने दोन बादल्या आणि वीस फडके कुठून आणायचे. तुमच्या गाडीसाठी तुमचेच दोन मायक्रोफायबर त्याला द्या, आणि सांगा की सुकी धूळ कोरड्या कपड्याने पुसायची नाही, आधी पाणी ओतायचं. नाही जमलं तर सरळ सांगा की आठवड्यातून एकदाच धू, रोज पुसू नको. धुळकट गाडी चालते हो, ओरखडलेली नाही.

पॉलिशचं म्हणाल तर वर्षातून एकदा, तेही गरज असेल तरच. फिनिशिंग पॉलिश एखादा मायक्रॉन किंवा त्याहून कमी काढतं, कंपाउंड जास्त, पण गेलेलं परत येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी रोटरी मशीनने, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणाऱ्या मशीनने, बंपरची कड जाळली होती, स्वतःच्याच गाडीची म्हणून वाचलो. प्लास्टिक उष्णता पसरवत नाही आणि कडेला रंग मुळातच पातळ असतो, दोन सेकंद जास्त थांबलो आणि खालचा काळा प्राइमर दिसला. तेव्हापासून कडांना टेप लावल्याशिवाय मशीन चालू करत नाही.

ठाणे पूर्व: बाबांची जुनी लाल मारुती ८०० आहे, रंग फिका पडलाय. मशीन नाही, हाताने पॉलिश केलं तर कपडाच लाल झाला, बंद केलं घाबरून. काय करू?

घाबरू नका, जुन्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसतो, रंग आणि चमक एकाच थरात, त्यामुळे कपड्यावर रंग येणारच. क्लिअर कोटच्या गाडीवर रंग आला असता तर मी घाबरलो असतो. अशा रंगावर ग्लेझ खरंच कामाचं आहे, कोरडा पडलेला रंग तेल पितो आणि लाल परत गडद होतो. मेग्वायर्सचं नंबर ७ लोक याच कामासाठी वापरतात. कापडाने भरपूर लावा, शक्य असेल तर रात्रभर राहू द्या, सकाळी पुसा, मग पुन्हा एकदा. हात दुखेल कारण ते पुसायला चिकट आहे. नंतर वॅक्स लावायला विसरू नका, नाहीतर पहिल्या पावसात तेल बाहेर. आणि बाबांना आधी छपराचा एक कोपरा करून दाखवा, पूर्ण गाडी ते स्वतःच करायला घेतील.