वाचलेल्या पुस्तकावर पहिले मत लिहिताना
आपण नुकत्याच वाचलेल्या वैचारिक पुस्तकांवर लिहू पाहता, याचा मनापासून आनंद झाला. आरंभी एकच पुस्तक घ्या आणि तपशील पुसट होण्यापूर्वी लिहा. नवखे वाचक बहुधा प्रकरणांचा सारांश देतात आणि स्वतःचे मत शेवटच्या ओळीत उरकतात. त्याऐवजी लेखकाचे मुख्य म्हणणे दोन वाक्यांत मांडून ते कुठे पटले व कुठे अडले, हे पृष्ठक्रमांकासह सांगा. उदाहरणार्थ, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपावरील पुस्तकात कामगारांच्या मुलाखती किती आहेत आणि मालकांची बाजू कोणत्या कागदपत्रांवर उभी आहे, हे पाहिले की मताला आधार मिळतो. संदर्भसूची वगळू नका. मला तीच सर्वांत बोलकी वाटते. शैलीची चर्चा सध्या राहू द्या.