छंदाची पेटी : जुना चेनसॉ हाती आला, आता पुढे?

मागच्या अंकात माझ्या गॅरेजमधल्या जुन्या चेनसॉंबद्दल, म्हणजे साखळीने कापणाऱ्या पेट्रोलच्या करवतींबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो : माझं बालपण कुडाळला काकांच्या सॉ मिलच्या आवारात गेलं. पुढे कारखान्यात लेथवर काम केलं आणि गेली २१ वर्षं अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहतो. फळीवर आज १४ चेनसॉ आहेत. त्यांतले ९ चालतात.

प्रश्न : आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या शेडमध्ये एक निळा होमलाइट एक्सएल-१२ सापडला. दोरी ओढली जाते, पण तो चालू होत नाही. नवरा म्हणतो, भंगारात दे. काय करू? (एक वाचक, हिल्सबरो)

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका. एक्सएल-१२ साठच्या दशकातला. मॅग्नेशियमच्या अंगामुळे बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि चेन सोडून त्याचं वजन जेमतेम १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलो भरायचं, त्यावरूनच हे नाव. अमेरिकेत हे चेनसॉ अमाप खपले, म्हणून सुटे भाग आजही मिळतात. पहिलाच चेनसॉ हा मिळाला, हे उत्तमच झालं.

आता एक विनंती. दोरी पुन्हा ओढू नका. आधी स्पार्क प्लग काढा आणि सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक तेलाचे चार-पाच थेंब टाका. मग सायलेन्सरचे बोल्ट सोडून तो बाजूला करा आणि टॉर्च मारून आत बघा. धूर बाहेर पडायच्या खिडकीतून पिस्टनची बाजू दिसते. ती राखाडी आणि गुळगुळीत असेल, तर इंजिन जिवंत आहे असं समजा. उभे ओरखडे असतील, जणू कुणी खिळ्याने ओरबाडलंय, तर कधीतरी तेलाविना पेट्रोल घालून तो चालवला गेलाय. तसं दिसलं तर थांबा आणि मला फोटो पाठवा.

पिस्टन चांगला असेल तर पुढे ठिणगी बघायची. या चेनसॉचे पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या दोन टिकल्या, फ्लायव्हीलच्या खाली एका छोट्या डबीत असतात. ज्यांनी जुन्या स्कूटरचे किंवा लुनाचे पॉइंट घासले आहेत, त्यांना हे काम नवीन नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पॉइंटवर एक अदृश्य साय धरते. तिथे वीज अडते आणि लोक कॉइल गेली म्हणून मोकळे होतात. मी जाड कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापतो, ती स्पिरिटमध्ये बुडवून दोन्ही टिकल्यांमधून ओढतो. पहिल्या ओढीला कार्डावर काळपट रेघ उमटते, तिसऱ्या-चौथ्या ओढीला कार्ड कोरं निघतं. मग पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पानं) लावून फट १५ हजारांश इंचावर आणायची. पान सरकताना अगदी हलकासा अटकाव जाणवला पाहिजे, लोण्यातून सुरी जावी इतपतच. प्लग पुन्हा वायरला जोडून चेनसॉच्या धातूच्या अंगावर टेकवा, दोरी ओढा. अंधारात निळी ठिणगी दिसली की माझ्या मते अर्धं काम झालं.

त्यानंतर सायलेन्सर आणि प्लग जागेवर बसवा, कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल-तेल मिश्रणाचे मोजून चार थेंब टाका आणि पुन्हा ओढा. दोनदा खोकून बंद पडला तर आनंद माना, कारण आता दोष इंधनाच्या वाटेत आहे हे पक्कं झालं. टाकीतली नळी कडक होऊन चिरली असेल, गाळणी गच्च झाली असेल, कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा ताठ झाला असेल. कार्ब्युरेटरवर टिलॉटसन किंवा वॉल्ब्रो कोरलेलं असतं, त्याखालच्या नंबरावरून पडदे आणि गॅस्केटचा जुडगा मागवा. तिन्ही एकदमच बदला.

टाकीजवळच्या पट्टीवर १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल असं काही लिहिलेलं दिसेल. ते त्या काळच्या साध्या ३० ग्रेड तेलासाठी होतं. आताचं चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल तर मी ३२ ला १ ठेवतो, म्हणजे लिटरला ३१ मिलिलिटर. पेट्रोल मात्र इथेनॉलविरहित घ्या. ओरेगनमधल्या काही पंपांवर ते मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं आणि मॅग्नेशियमच्या टाकीत पांढरी बुरशी आल्यासारखा क्षार धरवतं. भारतातल्या वाचकांनो, तुमच्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या इंजिनांचं हेच होतं. काम झालं की टाकी रिकामी करायची सवय लावून घ्या.

प्रश्न : तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. झाडं तोडायच्या यंत्रांत जपण्यासारखं काय आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या भागातल्या जंगलात फिरताना डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचे माणसापेक्षा उंच बुंधे अजून दिसतात, आणि त्यांच्या बाजूला खाचा असतात. त्या खाचांत फळ्या ठोकून, त्यांवर उभं राहून दोन माणसं हाताच्या करवतीने ते झाड कापायची. मोठी तोड चेनसॉच्या आधीच सुरू झाली होती. चेनसॉने तिला भयंकर वेग दिला, हे मी नाकारत नाही. ते नाकारून हा छंद करताच येणार नाही.

मी जपतो ती त्यातली अक्कल आणि त्यामागचे कष्ट. काकांच्या मिलमध्ये यंत्र यायच्या आधी ओंडक्याच्या वर एक आणि खाली एक असे दोघे मिळून फळ्या कापायचे, आणि खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा. सुरुवातीचे चेनसॉही दोघांचेच होते. एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगियात डोलमार डोंगरावर आपला पेट्रोलचा चेनसॉ चालवून बघितला, तो ५८ किलोचा. आंद्रेआस श्टील यांचा १९२९ चा ४६ किलोचा. १९५९ मध्ये श्टीलचा कॉन्ट्रा आला तो १२ किलोचा, एका माणसाचा, मधले गिअर काढून टाकलेला. तीस वर्षांत एवढा पल्ला.

अधल्यामधल्या गोष्टी तर विलक्षण आहेत. आधीचा कार्ब्युरेटर स्कूटरसारखा तरंगत्या फ्लोटचा. चेनसॉ आडवा धरला की इंजिन बंद. म्हणून इंजिन उभंच ठेवून नुसता बार फिरवायची सोय करावी लागली. पडद्याचा कार्ब्युरेटर आला तेव्हा माणूस चेनसॉ हवा तसा धरायला मोकळा झाला. आणि साखळीचे दात? ते आधी हातकरवतीसारखे होते, सतत कानस मारावी लागायची. १९४६ मध्ये इथल्याच जंगलात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यावर किड्याची अळी बघत बसला. ती तिच्या इंग्रजी सी अक्षरासारख्या जबड्यांनी डावीकडे-उजवीकडे कापत, लाकडाच्या रेषांची पर्वा न करता पुढे जात होती. त्यावरून त्याने चिप्पर साखळी बनवली आणि पुढच्याच वर्षी पोर्टलंडमध्ये कंपनी काढली. आज तुमच्या गल्लीतली वादळात पडलेली फांदी कापायला येणारा माणूस जी साखळी वापरतो, तिचं मूळ त्या अळीत आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

प्रश्न : वडिलांच्या मित्राने मला मॅक्कलॉक ३-२५ दिला. रंग उडालाय. सँडब्लास्ट करून नवा पिवळा रंग देऊ का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : नको. कळकळीने सांगतो, नको. ३-२५ हा १९४९ चा, २५ पौंडांचा, एका माणसाला पेलणारा चेनसॉ. तो बनवणारे रॉबर्ट मॅक्कलॉक म्हणजे १९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेऊन, त्याचे बाहेरचे दगड अ‍ॅरिझोनात आणून तो पुन्हा उभारणारे गृहस्थ. रॉकेल आणि मऊ ब्रशने मळ काढा, सुती कापडाने हलकं तेल लावा आणि थांबा.

मी माझा पहिला चेनसॉ पॉलिशपेपरने घासून नवा केला होता. दोन वर्षांनी ओरेगनमधल्याच एस्टाकाडा गावाजवळ एका आजींकडून त्याच मॉडेलचा दुसरा घेतला. हँडलला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, अंगठ्याच्या जागी झिजून कापडासारखी मऊ झालेली. क्लचचं झाकण उघडलं तर आतून खिळ्याने कोरलेल्या रेघा, पाच-पाचच्या जुडग्यांत, एकूण ३४. आजी म्हणाल्या, एक रेघ म्हणजे एक नवी साखळी. मी घासलेल्या चेनसॉवर काय होतं, ते मला आता कधीच कळणार नाही. नटबोल्ट, नळ्या, पडदे, गॅस्केट खुशाल बदला. माणसाच्या हाताच्या खुणा मात्र राहू द्या.

प्रश्न : दुरुस्त केलेल्या जुन्या चेनसॉने अंगणातलं पडलेलं झाड कापलं तर चालेल? (एक वाचक, सरे, कॅनडा)

उत्तर : मी कापत नाही. जुन्या चेनसॉला चेन ब्रेक नसतो. बारच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला, तर चेनसॉ क्षणात उसळून तोंडाकडे येतो, आणि त्या वेळी थांबवणारं काहीही नसतं. हँडलला रबरी उशा नसतात. त्या थरथरीने जुन्या तोडणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची. मी लाकडी घोडीवर आडवा बांधलेला, मांडीएवढा ओंडका कापतो, तोही कानांवर संरक्षक, डोळ्यांवर चष्मा आणि पायांवर चेनसॉचं जाड चॅप (पाय वाचवणारं आवरण) घालून, दोन-तीन काप. झाडासाठी नवा चेनसॉ घ्या, किंवा माहीतगार माणूस बोलवा.

प्रश्न : मुलगा सिअ‍ॅटलहून येतोय. सामानातून एक जुना चेनसॉ आणू शकेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. ज्या इंजिनात एकदा पेट्रोल गेलंय, ते टाकी धुऊन कोरडी केली तरी प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही. वास राहतो आणि तपासणीत ते काढून घेतात. कधीही न वापरलेले सुटे भाग वेगळे, पण तेही भरण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्यायला सांगा.