ऊसदराला आंदोलन, निराधाराला हेलपाटे

प्रश्न : ऊसदर म्हटलं की आमच्या भुदरगड तालुक्यात (जि. कोल्हापूर) सगळ्या पक्षांचे पुढारी रस्त्यावर येतात. भूमिहीन मजुरांविषयी मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. हे मुद्दाम होतं का?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : मुद्दाम म्हणावं एवढाही विचार कुणी करत नाही. कोल्हापूरचं राजकारण विधानसभेपेक्षा जास्त चालतं ते साखर कारखाना, गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक, बाजार समिती आणि गावच्या सेवा सोसायटीतून. कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर उसाची जमीन हवी. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. गोकुळच्या निवडणुकीत मत असतं ते दूधसंस्थेचा ठराव ज्याच्या नावे झाला त्याला, आणि एका म्हशीचं दूध घालणाऱ्या बाईच्या नावे ठराव होणं विरळाच. मजुराला मत आहे ते पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात पुढाऱ्याला ज्यांची गरज लागते, त्यांत तो नाही.

दुसरं कारण, ऊसदराची मागणी नेमकी असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. म्हणजे तारीख आहे, रक्कम आहे आणि अडवायला उसाने भरलेला ट्रॅक्टरही आहे. शेतमजुराने काय अडवायचं? त्याने तोड बंद केली तर बीडकडची टोळी यायला तयारच असते.

शिवाय जिल्ह्याची सरासरी. तिच्यात शिरोळचा ऊस आणि गगनबावड्याची नाचणी एकाच बेरजेत बसतात, आणि उत्तर येतं 'समृद्ध जिल्हा'. गगनबावडा हा तर जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका. त्याचा स्वतंत्र मतदारसंघही नाही. तिथल्या धनगरवाड्याच्या रस्त्यासाठी कोण भांडणार?

प्रश्न : माझी चुलती विधवा आहे, वय ५८. भांगलणीला (खुरपणीला) जाते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज 'उत्पन्न जास्त' म्हणून परत आला. लाडकी बहीणचा फॉर्म भरायचा तेव्हा आजारपणात राहून गेला. आता काय करावं?
– एक वाचक, पश्चिम भाग

उत्तर : आधी आकडा बघा. निराधार योजनेची कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, ३०० रुपये धरली तर वर्षात ७० दिवस कामाला गेलं की मर्यादा संपली. लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख. पैसे दोन्हीकडे महिन्याला १,५००! अडीच लाखांच्या आत निम्म्याहून जास्त गाव बसतं आणि ती योजना आली २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर. २१ हजारांच्या आत राहिलेल्या म्हाताऱ्या-विधवांची मतं मोजली तर वॉर्डसुद्धा फिरत नाही. आमच्या मते एवढं एक उदाहरण पुरे.

आता मार्ग. गावच्या दारिद्र्यरेषेखालील यादीत चुलतीचं किंवा तिच्या नवऱ्याचं नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत आधी तपासा. असेल तर ग्रामसेवकाच्या सहीशिक्क्याचा उतारा घ्या, मग २१ हजारांच्या दाखल्यावर अडून राहावं लागत नाही. बरेच अर्ज इथेच फुकट जातात. नाव यादीत असतं आणि माणसं उत्पन्नाच्या दाखल्यामागे पळत बसतात.

नाव नसेल तर उत्पन्नाचा दाखला नव्याने काढा. तलाठी बहुतेकदा हजेरी गुणिले वर्षभराचे दिवस असा ढोबळ हिशेब करतो. भांगलण वर्षभर नसते. कोणत्या महिन्यात किती दिवस काम मिळालं आणि आजारपणात किती दिवस बुडाले, हे स्वयंघोषणापत्रात लिहून द्या. खरं तेच लिहा, चौकशी होते. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल तर रेशनकार्ड आधी वेगळं करून घ्या; एका कार्डावर असला की त्याचा पगार हिच्या नावावर चढतो.

सोबत नवऱ्याचा मृत्यूदाखला, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, रेशनकार्ड, आधार आणि पासबुक जोडा. आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, हा घोळ फार असतो. तो अर्ज देण्याआधीच मिटवा. बँकेत आधार खात्याला जोडलंय ना, हेही विचारा, नाहीतर मंजुरी होऊनही पैसे येत नाहीत. पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर सोडू नका. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते. तिचा अशासकीय अध्यक्ष सत्ताधाऱ्यांचा माणूस असतो, म्हणून ओळख शोधत हिंडण्यापेक्षा पुढची बैठक कधी आहे हे तहसीलमध्ये लेखी विचारलेलं बरं. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो चुकला की अनुदान थांबतं.

प्रश्न : आमची ग्रामसभा दरवेळी तहकूब होते, नंतर दहा-बारा जणांत ठराव होतात. वाडीवरच्यांचं काम विषयपत्रिकेवर कसं आणायचं?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान उपस्थितीला, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही, खरी मेख तिथे आहे. पहिल्या सभेला रोजगार बुडवून आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. तेव्हा तहकूब सभेची तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या. विषय सभेआधी लेखी द्या, पोच घ्या आणि ठराव प्रोसिडिंगला (सभेच्या इतिवृत्तात) चढला का ते सही करण्याआधी वाचा. कोऱ्या पानावर सह्या देऊ नका.

मोघम 'वाडीचा विकास' मागू नका. पंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, एवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे, म्हणून अर्ज वाडीवरच्याच कुणाच्या नावे गेलेला चांगला. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला स्टॅम्प २० रुपयांचं.