आधारची झेरॉक्स देण्याआधी

पुण्यात नवीन आला आहेस, खोली घेताना, मेस लावताना आधार मागतीलच. लगेच झेरॉक्स काढून देऊ नकोस. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार उतरवून घे. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. खोलीमालकाला ओळख पटवायला तेवढं पुरतं. कागदच द्यावा लागला तर त्यावर तारीख आणि कारण लिही, मग आडवी सही कर. माझी एक कोरी प्रत एजंटकडे राहिली होती, आणि माझ्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी सिम चालवत होतं. ते बंद करायला दोन महिने हेलपाटे घातले. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळतं, आजच बघ. आधारमधले बोटांचे ठसेही लॉक करून ठेव, एमआधार ॲपमधून होतं.

विचारायला संकोच वाटेल, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. 'कशाला हवंय?' हे विचारणं उद्धटपणा नाही रे.

आणि डिपॉझिट परत मिळवताना कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर तिथेच थांब. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, सकाळची वाट बघू नकोस.