पग, क्रेट आणि तीन महिन्यांचा हिशेब

परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या वाचकांची या महिन्यातली चार पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मला फ्रँकफुर्टमध्ये नोकरी मिळाली असून १५ मे रोजी मी पत्नीसह मुंबईहून निघणार आहे. आमचा पग पाच वर्षांचा, साडेनऊ किलोचा आहे. रेबीजची लस दर नोव्हेंबरात न चुकता देतो. मायक्रोचिप मात्र गेल्या महिन्यात, फेब्रुवारीत बसवली. त्याला कार्गोतून नेणं सुरक्षित आहे का? (पुणे)

उत्तर : १५ मेला तो तुमच्याबरोबर येऊ शकत नाही, आणि आमच्या मते ते त्याच्या पथ्यावरच पडणार आहे.

आधी कागदांचं बघू. युरोपीय संघाच्या नियमात कुत्र्याची ओळख पटवणारी, कातडीखालची चिप आधी, लस नंतर. चिप नसताना दिलेली लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही, त्यामुळे तुमची नोव्हेंबरची लस जर्मनीच्या लेखी दिलेलीच नाही. चिप आयएसओ मानकाची, १५ अंकी आहे ना, हे डॉक्टरांकडून स्कॅनरवर वाचून घ्या आणि त्यानंतर लस नव्याने द्या. समजा ती १० मार्चला दिली. टायटर टेस्टसाठीचं (लसीने रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, हे बघणाऱ्या तपासणीसाठीचं) रक्त त्यानंतर किमान ३० दिवसांनी काढता येतं, म्हणजे लवकरात लवकर ९ एप्रिलला. अहवालात प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवं आणि प्रयोगशाळा संघाच्या मान्यतायादीतलीच हवी. युरोपीय संघाने रेबीजबाबत मान्य केलेल्या देशांच्या यादीत भारत नसल्याने रक्त काढल्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे उजाडला ९ जुलै. यातला एकही दिवस पैसे भरून कमी होत नाही. कोणी एजंट तसं सांगत असेल तर त्याच्याकडे काम देऊ नका.

जुलैतही नेऊ नका. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धाप टाकून अंग थंड ठेवतो. पगच्या नाकपुड्या चिमटलेल्या असतात आणि मऊ टाळू लांब असून घशात लोंबकळते. तो जितकी जोरात धाप टाकतो तितका घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते आणि अंग निवण्याऐवजी तापत जातं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांत, मे २००५ पासूनच्या सुमारे पाच वर्षांत विमानप्रवासात दगावलेल्या १२२ कुत्र्यांची नोंद होती. त्यांत इंग्लिश बुलडॉग २५ आणि पग ११ होते. प्राणी ठेवतात त्या होल्डमध्ये (विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात) हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. खरा धोका जमिनीवर आहे: विमानतळावरच्या तापलेल्या डांबरावर ट्रॉलीत ताटकळलेला क्रेट (प्रवासाचा पिंजरा), उशिरा सुटलेलं विमान, मधल्या ठिकाणी बदललेलं विमान. म्हणून थेट आणि रात्रीचं विमान घ्या. मुंबईचा ऑक्टोबरही तापलेलाच असतो. नोव्हेंबरअखेर उत्तम.

कित्येक कंपन्या चपट्या नाकाची कुत्री होल्डमध्ये घेतच नाहीत. केबिनची मर्यादा अनेक युरोपीय कंपन्यांत पिशवीसकट ८ किलो आहे. साडेनऊ किलोचा पग मुळात जाडच आहे. वजन सात किलोच्या आत आलं तर केबिनचा मार्ग उघडतो आणि गळ्याभोवतीची चरबी उतरल्याने श्वासही मोकळा होतो. नोव्हेंबरपर्यंत आठ महिने आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे जमण्यासारखं आहे. तो झोपेत घोरतो, पाच-दहा मिनिटं चालून थांबतो किंवा जीभ जांभळट दिसते असं असेल तर नाकपुड्या आणि टाळूच्या शस्त्रक्रियेबद्दल आताच विचारा. जखम पूर्ण भरून सूज ओसरल्याशिवाय प्रवास नको.

एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. कुत्रा 'मालकासोबत जाणारा' ठरायला मालकाचा आणि त्याचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात व्हावा लागतो. तुम्ही मेमध्ये गेलात आणि तो नोव्हेंबरात एकटा आला तर त्याला व्यापारी मालाचे, जास्त कडक नियम लागतात. पत्नी मागे थांबणार असतील किंवा आणायला परत येणार असतील तर सगळी कागदपत्रं आतापासून त्यांच्याच नावाने करा. प्रवासाचं हेल्थ सर्टिफिकेट मात्र अगदी शेवटी, पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांतलं लागतं.

प्रश्न : लंडनला जाताना आमच्या गावठी कुत्रीला (वय चार, वजन २० किलो) तिकिटावरच्या जादा सामानात नेता येईल का? क्रेट कोणत्या मापाचा घ्यावा? (ठाणे)

उत्तर : नाही. प्रशिक्षित सहाय्यक कुत्री सोडली तर ब्रिटनमध्ये विमानाने येणारं कुत्रं किंवा मांजर मंजूर मार्गावरून, कार्गो म्हणूनच उतरवावं लागतं. चिप, लस, ३० दिवस आणि तीन महिने हा क्रम वर दिलाय तसाच. भर एका गोष्टीची: पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीचं औषध, प्राझिक्वांटेल असलेलं, डॉक्टरांनी स्वतः द्यायचं आणि औषधाचं व उत्पादकाचं नाव, तारीख *आणि वेळ* कागदावर लिहायची. आपल्याकडे डीवर्मिंगची नुसती तारीख टाकायची सवय आहे. विमान सहा तास उशिरा सुटलं तरी १२० तास उलटणार नाहीत असा दिवस निवडा. निघण्यापूर्वी गोचीडतापासाठीही रक्त तपासा. त्याचा जंतू, एर्लिकिया, अंगात दबून राहतो आणि प्रवासाच्या ताणानंतर वर येऊ शकतो. तिकडच्या डॉक्टरांना तो रोज दिसत नाही, म्हणून अहवालाची प्रत सोबत ठेवा.

आता क्रेट. कुत्री उभी असताना चार मापं घ्या: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून उभ्या कानाच्या टोकापर्यंत. समजा ती ८०, ३०, २० आणि ६० सेंटिमीटर भरली. लांबी = पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं, ९५. रुंदी = खांद्यांच्या दुप्पट, ४०. उंची = ६० अधिक अंथरुणाची जाडी, ६५ धरा. ही आतली मापं आहेत. कार्गोचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त असेल त्यावर लागतं: ९५ × ४० × ६५ भागिले ६,००० म्हणजे ४१ किलोच्या वर. बाहेरच्या मापाने आणखी थोडं. पैसे वाचवायला एक माप लहान घेऊ नका. तिला आत उभं राहून वळता आलं नाही तर काउंटरवरूनच परत पाठवतात.

दुकानातून आणलेल्या क्रेटचे वरचा-खालचा भाग जोडणारे प्लास्टिकचे खटके काढा, तिथे धातूचे नटबोल्ट लावा. चाकं काढा. दार धातूच्या जाळीचं हवं आणि बिजागरीच्या दांड्या वर-खाली भोकांत पुरत्या बसल्या पाहिजेत. घाबरलेली कुत्री दारावर धडका देते, जाळी चावते, त्यात दात तुटतात, नखं उपटतात. आणि दार एका कोपऱ्यात सुटलं की ती निसटते. दाराचे चारही कोपरे केबल टायने बांधा. गळ्यात अडकेल असा पट्टा नको, तोंडाला मुसकं तर नकोच. पाण्याची वाटी दाराला आतून टांगायची आणि आदल्या रात्री त्यात पाणी गोठवून ठेवायचं: चढवताना सांडत नाही, पुढे वितळत जातं.

रस्त्यावर जन्मलेलं कुत्रं अनोळखी हातांना जास्त बिचकतं, म्हणून क्रेटची सवय आठ आठवडे आधी सुरू करा. पहिले पंधरा दिवस दार काढून जेवण आतच द्या. मग दार लावून पाच मिनिटं, हळूहळू तासभर, मग रात्रभर. शेवटी क्रेटसकट गाडीत घालून घोडबंदर रोडच्या आवाजातून दोन-चार फेऱ्या मारा. प्रवासाच्या दिवशी चार ते सहा तास आधी हलकं जेवण पुरे.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला जात आहोत. लॅब्राडोरला थेट नेता येईल का? (नागपूर)

उत्तर : नाही. ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांत भारत नाही. कुत्र्याला आधी एखाद्या मान्य देशात नेऊन तिथून त्यांच्या अटी पूर्ण कराव्या लागतात आणि शेवटी मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात विलगीकरण असतंच. वयस्कर लॅब्राडोरला दोन लांबचे प्रवास आणि अनोळखी घरातले महिने सोसतील का, हे आधी ठरवा. नसतील तर त्याच्या ओळखीच्या घरी त्याला ठेवणं हीच माया आहे.

प्रश्न : मुलाकडे टोरोंटोला कायमचं जायचं आहे. बोका तेरा वर्षांचा आहे. केबिनमध्ये नेताना झोपेची गोळी देऊ का? (नाशिक)

उत्तर : मनाने देऊ नका. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या एसप्रोमाझीन या गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते आणि जनावर तोल सावरू शकत नाही. वर मन घाबरलेलंच राहतं. बोका फार भित्रा असेल तर डॉक्टर गॅबापेंटिन सुचवतात, पण त्याचा डोस दोन आठवडे आधी घरी देऊन बघायचा. मूत्रपिंडं थकलेली असतील तर डोस कमी करावा लागतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि रक्तदाब तपासा. मूत्रपिंडाचा आजार पुढे गेलेला निघाला तर हा प्रवास टाळावा असंच आम्ही सांगू.

कॅनडाला मांजरासाठी टायटर लागत नाही, रेबीज लसीचं डॉक्टरांनी सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. कसोटी सुरक्षा तपासणीत असते: पिशवी एक्स-रेमधून जाते आणि बोक्याला हातात घेऊन चालावं लागतं. पिशवी उघडण्याआधीच अंगात हार्नेस आणि दोरी हवी, आणि बंद खोलीत तपासणी करा अशी विनंती करा. पोहोचल्यावर त्याला एकाच छोट्या खोलीत ठेवा, त्याची न धुतलेली चादर आणि नेहमीचंच खाणं द्या. दोन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, तेव्हा चोवीस तासांत तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. आणि तो वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.