पालक-शिक्षक संघात वर्गणीशिवाय काय चालतं?

मुलगी पहिलीत गेली, पालक-शिक्षक संघात नाव द्या असा शाळेतून निरोप आला, आणि तिथे पैसे गोळा करण्याशिवाय काय चालतं, असं तुम्ही विचारलंय. मी सात वर्षं प्राथमिक शाळेच्या संघात आहे, त्यातली तीन वर्षं खजिनदार होते. पैशांचं काम असतंच, त्याबद्दल पुढे सांगते. आधी एक प्रसंग.

दुसरीच्या पालकांची सभा होती. उठता उठता एक आई वर्गशिक्षिकेला म्हणाली, "हिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते हो, तुम्ही जरा रागवा." मागून दुसरी म्हणाली, "आमचीपण." मग तिसरी. तोवर प्रत्येकीला वाटत होतं की आपलीच मुलगी हट्टी आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलींना जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की स्वच्छतागृहाची कडी गंजून घट्ट झालीय, चिमुकल्या हातांनी ती लागतच नाही. दार उघडं राहील या भीतीने मुली तिकडे जायचं टाळत होत्या आणि म्हणून पाणीच पीत नव्हत्या. त्याच आठवड्यात कडी बदलली.

संघ कशासाठी, असं कोणी विचारलं की मला ती कडी आठवते. एका घरात जी मुलाची खोड वाटते, ती चार घरांत सारखी निघाली तर तो शाळेचा प्रश्न असतो. मोठी मुलं स्वतः तक्रार करतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना ती मांडताही येत नाही. त्यामुळे ही चार घरं आणि शिक्षक एका ठिकाणी बसणं याच वयात सगळ्यात गरजेचं.

या कामाची सुरुवातही वर्गणीपासून झालेली नाही. १८९७ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला अॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी मातांची राष्ट्रीय परिषद भरवली, तिचाच पुढे पालक-शिक्षकांचा संघ झाला. बालवाड्या, बालमजुरीविरोधी कायदे, मुलांचं आरोग्य हे त्यांचे विषय होते. वंशभेदामुळे ज्या राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या, तिथल्या पालकांसाठी सेलेना स्लोन बटलर यांनी १९२६ मध्ये निराळी राष्ट्रीय संघटना उभी केली. दोन्ही एकत्र यायला १९७० उजाडलं. सभेत कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं, हा प्रश्न इतका जुना आहे.

आमच्याकडेही तो होता. सभा सकाळी अकराला असायची आणि नेहमीचीच पंधरा-वीस माणसं यायची. बाकीच्यांना आस्थाच नाही, असं आम्ही बोलायचो, मीही बोललेय. मग एका वर्षी आम्ही न येणाऱ्या घरी फोन केले. कुणाची कामाची पाळी बदलत नव्हती, कुणाकडे तान्हं बाळ होतं, कुणाला निरोपाची भाषाच नीट कळत नव्हती. आणि काहीजण वर्गणी दिली नव्हती म्हणून तोंड दाखवायला लाजत होते. मागच्या सभेत देणाऱ्यांची नावं वाचून दाखवली होती ना! ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण ती यादी मीच केली होती.

तेव्हापासून नावं वाचणं बंद. वर्गणी ऐच्छिक, आणि कुणी किती दिले ते फक्त खजिनदाराच्या वहीत. खर्चाचा हिशेब मात्र पै न् पै फलकावर लावायचा आणि बँकेतून पैसे काढायला दोन सह्या, त्यातली एक पालकाची. सभा आता आलटून पालटून संध्याकाळी असते, निरोप चार सोप्या ओळींचा. गर्दी लोटली असं नाही, पण जे कधीच आले नव्हते ते येऊ लागले.

एक पथ्य पाळा. आपल्या मुलाचे गुण किंवा एखाद्या शिक्षकाविषयीची नाराजी सभेत काढू नका. ते वर्गशिक्षकांशी किंवा मुख्याध्यापकांशी समोरासमोर बोलायचं. चारचौघांत शिक्षकाला धारेवर धरलं की पुढच्या सभेत शिक्षक फक्त माना डोलावतात, आणि मग कडीचं कुणी सांगत नाही.

तुम्ही नाव जरूर द्या. पहिल्या वर्षी पद घेऊ नका. मागच्या वर्षीची हजेरीची वही मागून बघा, तुमच्या मुलीच्या वर्गातल्या कुठल्या घरांतून कुणीच आलेलं नाही ते पाहा, आणि पुढच्या सभेआधी त्यातल्या दोघांना स्वतः फोन करा.